गालाचं बटण

कार्डकाकू जिना चढून वर पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत मायलेकींची चांगलीच जुंपली होती.

"तू मुद्दाम केलंस," आई म्हणत होती. "त्यांना बोलता येऊ नये म्हणून केलंस."

"आई, जरा विचार करून बोल गं! लॅपटॉपने विचारलं अपडेट करू का, मी हो म्हटलं. बास. असं काही होईल हे मला काय ठाऊक?"

"आणि ते नेमकं कालच झालं!"

काकूंनी पिशवी खांद्यावरून उतरवली आणि दोघींचे कान इकडे वळतील अशा बेताने खाकरल्या. "भांडण नंतर करा. ते कुठे पळून जात नाही. लॅपटॉप कुठाय?"

काकूंचं बोलणं हे असं. बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. नवा चकचकीत लॅपटॉप घेऊन कोणी आलंच तर काकू तो चहूबाजूंनी फिरवून बघायच्या आणि "याला साधी खाच पण नाही, हा काय लॅपटॉप आहे का ताट?" असं म्हणून परत करायच्या. त्यांचा धंदा जुन्यांचा. पूर्वी लॅपटॉपच्या कडेला एक खाच असायची. तिच्यात पत्त्याएवढं चपटं कार्ड सरकवलं की लॅपटॉपला एखादी जादा जोडणी मिळायची. कुणी त्याला कारखान्यातला वजनकाटा जोडायचं, कुणी तपासणीचं यंत्र. खाचा गेल्या, पण त्या कार्डांवर ज्यांचं काम अडतं ती माणसं राहिलीच, आणि ती सगळी फिरून फिरून काकूंच्या दारात यायची. कार्ड बसवणं हा पोरखेळ आहे. पण कार्ड आणि लॅपटॉप यांच्यात दुभाष्याचं काम करणारा जो छोटासा प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो रुसला की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. काकू मात्र हटायच्या नाहीत. कार्डाचे दात खोडरबराने पुसायच्या, खाचेत फुंकर मारायच्या, ड्रायव्हर काढायच्या, पुन्हा घालायच्या, परत काढायच्या, आणि तोंडाने यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार चालूच. "काढा आणि घाला, काढा आणि घाला. कधीतरी दगडालाही लाज वाटते," असं त्या म्हणत, आणि बहुतेक वेळा दगडाला ती वाटायचीही. त्यामुळे ही सवय चुकीची असू शकते, असं त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं एकच माणूस होतं, आणि त्याच्याशी त्या बोलत नव्हत्या.

आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंग होता. पलंगावर उशांना टेकवून बसवलेले क्रेनवाले. बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनच्या खोपटात त्यांनी उभा जन्म काढला होता, म्हणून हे नाव. मग कसल्याशा आजाराने आधी बोटं गेली, मग हात, पाय, मान, जीभ. आता उजव्या गालाचा एक स्नायू तेवढा त्यांच्या हुकमात राहिला होता. त्या गालावर चिकटवलेलं एक इवलंसं बटण होतं. बटणाची तार एका डबीत जायची, डबीची तार लॅपटॉपच्या खाचेतल्या कार्डात. लॅपटॉपवर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हव्या त्या ओळीला गाल दाबायचा, मग हव्या त्या अक्षराला, मग काना-मात्रेला. शब्द झाला की लॅपटॉप तो वाचून दाखवायचा. अक्षरांच्या या प्रोग्रामला घरात बोलपाटी म्हणत. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, आणि ती दुसऱ्या कुठल्या बटणाशी, दुसऱ्या कुठल्या कार्डाशी बोलत नसे. या जुनाट लॅपटॉपवर आणि या एका कार्डावर क्रेनवाल्यांचं सगळं बोलणं अवलंबून होतं.

ती पाटी कालपासून मुकी होती.

"डॉक्टर संध्याकाळी येणारेत," क्रेनवाल्यांची बायको काकूंना म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "यांचा श्वास फार कमी झालाय. हा तोंडावरचा मास्क आता पुरत नाही. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि कायमचं मशिनवर ठेवायचं, की नाही, ते आजच ठरवायला हवं म्हणतात. एकदा श्वास अडकला की मग विचारायला वेळ राहायचा नाही."

"मग विचारा ना त्यांना. पापणी हलते की."

आईने मान फिरवली. मग लेक म्हणाली, "पापणी आपली आपणच पडते, काकू. मी विचारलं तर नाही म्हणते, आईने विचारलं तर हो म्हणते."

"अक्षरांचा तक्ता धरून पाहिला," बायको म्हणाली. "तर ही म्हणे मीच बोट हळू फिरवते."

"फिरवत होतीसच तू."

"आणि तू भराभर पुढे नेत होतीस!"

काकूंच्या ध्यानात आलं. ज्याच्या हातात तक्ता, त्याच्या मनासारखं उत्तर. बायकोला नवरा हवा होता, नळीसकट, मशिनसकट, कसाही. लेकीला वाटत होतं की बाबांना असलं जिणं नको असणार. जो माणूस वारा सुटलेला असताना आभाळात बसून मालाचे अजस्र डबे उचलायचा, तो भिंतीला जोडून घेऊन पडून राहील? दोघींचा जीव त्या माणसात अडकला होता, म्हणूनच दोघींपैकी कुणाचाही भरवसा धरता येत नव्हता. निवाडा देऊ शकणारी एकच गोष्ट घरात होती, आणि ती मुकी पडली होती.

काकू लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या आणि कामाला लागल्या. कार्ड काढलं, पुसलं, घातलं. लॅपटॉपने ओळखलं. उपकरणांची यादी उघडली. जिथे काही बिघडलेलं असतं तिथे यादीत पिवळी खूण येते. खूण नव्हती. कार्डाच्या नावावर टिचकी मारली, तर खाली लिहून आलं: हे उपकरण व्यवस्थित चालू आहे.

"व्यवस्थित म्हणे!" काकू पुटपुटल्या. "तुझं काय जातंय म्हणायला."

बोलपाटी उघडली. ओळी उजळत गेल्या, आणि खाली लाल अक्षरांत आलं: बटण सापडत नाही.

आता नव्या अपडेटने नवा ड्रायव्हर घुसवला आणि तोच नाठाळ निघाला, हे उघडच होतं. काकूंनी तो काढला. पिशवीतून जुनी डिस्क काढली, तिच्यावरचा घातला. व्यवस्थित चालू आहे. बटण सापडत नाही. तोही काढला. त्याहून जुना घातला. व्यवस्थित. सापडत नाही. कार्ड उपटून, लॅपटॉप बंद करून, चालू करून, पुन्हा घातलं. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

त्यातच त्यांना ते दिसलं. तारेच्या डबीवर एक हिरवा दिवा होता. गाल दाबला की तो लागायचा. तो लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता.

"दिवा लागतोय," त्या म्हणाल्या.

लेक धावत आली. "बाबा! हो असेल तर एकदा दाबा. नाही असेल तर दोनदा."

दिवा लागला. विझला. लागला. "दोनदा!" लेक म्हणाली. तेवढ्यात तो तिसऱ्यांदा लागला आणि मग चौथ्यांदा. मास्कमधली हवा आत-बाहेर करताना गाल आपोआप थरथरत होता, आणि त्या थरथरीत खरं दाबणं कुठलं हे बोलपाटीशिवाय कुणाला ओळखता येत नव्हतं. पाटी तेवढंच चोख करायची; गाल जरा वेळ धरून ठेवला तरच ती मोजायची.

पण त्यात खरं दाबणंही होतं. काकूंना त्याबद्दल शंका राहिली नाही. त्यांनी क्रेनवाल्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे पाटीवर रोखलेले होते आणि गाल कामाला लागला होता. माणूस बोलत होता. मघापासून, कदाचित कालपासून, सारखा बोलत होता, आणि खोलीतल्या कुणालाच ऐकू येत नव्हतं. काकूंनी मान खाली घातली आणि त्वेषाने ड्रायव्हर काढला, घातला, काढला, घातला.

खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं. लेक दाराशी नखं खात उभी. बायको मधूनमधून नवऱ्याच्या ओठाच्या कडेची लाळ टिपत होती. मग काकूंना जाणवलं, की बराच वेळ डबीवरचा दिवा लागलेला नाही.

"दमले ते," बायको म्हणाली. "असे दमले की मग गाल उठतच नाही कधीकधी." मग तिला राहवलं नाही. "काकू, होईल ना हो?"

होत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दगडाला लाज वाटत नव्हती, आणि याच्यापुढे काय करायचं ते त्यांना येत नव्हतं. ते जमणारा माणूस शहरात एकच होता. त्या उठल्या, जिन्यात गेल्या आणि फोन हातात धरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा दीर. एके काळी ते दुकान तिघांचं होतं: नवरा, दीर आणि काकू. मग नवऱ्याच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि तो शुद्धीवर आलाच नाही. मशिनवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. दीर म्हणाला, ठेवा. काकू म्हणाल्या, नको, यांना असलं जिणं नको असतं, मी ओळखते यांना. बायकोचा शब्द चालला. नवरा गेला त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दीर त्यांना म्हणाला होता, "दादाच्या वतीने नाही म्हणायला तुम्हाला सांगितलं कुणी?" त्यानंतर दोघांत विस्तव जात नव्हता. दुकान त्याच्याकडे राहिलं, कार्डं आणि डिस्का घेऊन काकू जिन्याखाली आल्या. नाव जरी निघालं तरी त्या विषय बदलायच्या.

त्यांनी नंबर लावला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग, "बोला वहिनी."

"एक कार्ड अडलंय. बोलपाटीचं. एका माणसाचं बोलणं आहे त्याच्यावर, आणि संध्याकाळच्या आत हवंय." त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: पिवळी खूण नाही, व्यवस्थित म्हणतंय, दिवा लागतो, पाटीला बटण दिसत नाही.

"पोर्टचा नंबर किती दाखवतोय?"

लॅपटॉप प्रत्येक जोडणीला जागेचा एक नंबर देतो, तो काकूंनी बघितलाच नव्हता. त्या आत आल्या, चष्मा वर केला. "अकरा."

"अकरा?" दिराचा आवाज बदलला. "वहिनी, किती वेळा काढून घातलंत?"

"मोजलं नाही मी."

"लॅपटॉपने मोजलंय की." तो हसला नाही, पण हसू दाबल्याचं कळत होतं. "ड्रायव्हरला काही झालेलं नाही. कालही झालं नव्हतं. ती पाटी पोर्ट चारपर्यंतच शोधते, त्याच्या पुढे बघतच नाही. अपडेटने तुमच्या कार्डाला नवा पाहुणा समजून पाचवर बसवलं. पुढचं तुम्ही नेलंत. दर वेळी नवा ड्रायव्हर, दर वेळी नवा नंबर."

काकूंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यांनी, आणि तीही पुन्हा पुन्हा. "मग चारच्या आतला देते ना. तीन देते."

"देऊन बघा. वापरात आहे म्हणेल."

त्यांनी देऊन बघितला. वापरात आहे. दोन, वापरात. चार, वापरात. "कोण वापरतंय मेलं? एकच तर कार्ड आहे!"

"भुतं. पूर्वी कधी काळी त्या खाचेत जे जे बसलं, त्याच्या नावावर तो तो नंबर अडलेला. उपकरण गेलं तरी नंबर सोडत नाही. यादीत वरती बघा, लपलेली उपकरणं दाखवा, असं असेल."

काकूंनी ते दाबलं. यादी सरसर वाढली. फिकट, अर्धवट पुसल्यासारखी नावं एकाखाली एक उभी राहिली. काही जुनी, अनोळखी. बाकीची सगळी आज दुपारी काकूंनीच जन्माला घातलेली.

"फिकट तेवढी काढा," दीर म्हणाला. "ठळकला हात लावू नका. मग तीन द्या, आणि बंद करून चालू करा. आणि वहिनी, त्याचं इंटरनेट तोडा आधी, नाहीतर परत अपडेट करत बसेल."

"बरं," काकू म्हणाल्या. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी फोन ठेवला.

एकेक भूत त्यांनी काढलं. दर वेळी लॅपटॉप विचारायचा, नक्की काढायचं? "नक्की रे बाबा, नक्की." तीन नंबर मोकळा झाला. तो दिला. लॅपटॉप बंद केला, चालू केला, आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं: अपडेट पूर्ण होत आहे, बंद करू नका.

"इंटरनेट!" काकू ओरडल्या. लेकीने भिंतीपाशी जाऊन वायरच उपटली. पण कालचं अर्धं राहिलेलं अपडेट आता आतल्या आतच पूर्ण होत होतं. चक्र फिरत राहिलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. डॉक्टर आत आले, पेशंटचा श्वास पाहिला, बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि दोघींना म्हणाले, "याहून जास्त थांबता येणार नाही. काय ठरलं तुमचं?"

"घाला," बायको म्हणाली.

"नको," लेक म्हणाली.

"आमचं ठरायचं नाहीये," काकू स्टुलावरून न उठता म्हणाल्या. "ज्यांचं ठरायचंय ते सांगतील. बसा जरा."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले आणि खरोखरच बसले.

चक्र थांबलं. पडदा काळा झाला, मग उजळला. काकूंनी यादी उघडली: तीन. बोलपाटी उघडली. ओळी उजळायला लागल्या. खाली लाल अक्षरं नव्हती.

"चालू झाली," त्या म्हणाल्या, पण डबीवरचा दिवा विझलेलाच होता.

बायको नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अहो, ऐकलंत का? पाटी चालू झाली. बोला आता. काय असेल ते बोला. मी मध्ये बोलणार नाही."

काही नाही. ओळी उजळून गेल्या, पुन्हा वरून सुरू झाल्या. लेक भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ हलत होते. तिसऱ्या की चौथ्या फेरीला दिवा लागला. लागून राहिला.

पाटीवर म उमटला.

मग ल. मग काना. मला. क्रेनवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुढचं अक्षर निवडलं आणि मध्ये इतका वेळ थांबले की डॉक्टर उठायला लागले, पण काकूंनी हातानेच त्यांना थांबवलं. अक्षर अक्षर जोडून शब्द झाले आणि लॅपटॉपने आपल्या सपाट आवाजात ते वाचले.

मला भीती वाटते.

लेकीने विचारलं, "नळीची ना, बाबा? नळीची?"

दिवा पुन्हा लागला. या वेळी फार वेळ लागला नाही.

नळी घाला.

बायकोने पदराने तोंड दाबून घेतलं. लेक होती तिथेच खाली बसली. डॉक्टरांनी मान हलवली आणि दवाखान्यात फोन लावायला बाहेर गेले. पण गाल थांबला नव्हता. सगळे पुन्हा पाटीकडे वळले.

रागावू नकोस.

"मी कशाला रागावू, बाबा!" लेक गुडघ्यांवरच पलंगापर्यंत आली आणि त्यांच्या पोटावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. "मला वाटलं तुम्हाला नको असेल. मला खरंच तसं वाटलं." आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच.

काकूंनी डिस्का गोळा करून पिशवीत भरल्या. थांबा, चहा घ्या, असं बायको म्हणत होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि बाहेर आल्या. जिन्याच्या वळणावर फोन वाजला.

"काय झालं?" दिराने विचारलं. "बोलले का ते?"

"बोलले," काकू म्हणाल्या. तेवढ्यावर थांबता आलं असतं. त्याने पुढचं विचारलं नव्हतं.

त्या पायरीवर बसल्या. "लेक म्हणत होती त्यांना नळी नको असणार. अगदी खात्रीने म्हणत होती, भाऊजी. ते म्हणाले, घाला. भीती वाटते म्हणाले."

पलीकडे कुणीतरी दुकानात काहीतरी विचारत होतं, त्याला दिराने थांबायला सांगितलं.

"दादाचं काय होतं कुणास ठाऊक," तो हळूच म्हणाला.

"मला वाटायचं, मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. त्या तशाच फोन कानाला लावून पायरीवर रडत राहिल्या. दिराने फोन ठेवला नाही.